गल्लीत रस्त्याचे काम निघाले : दुकानदारांनी काय पाहावे, केव्हा बोलावे

पावसाळा संपला की दोन सीझन एकाच वेळी सुरू होतात. एक आपला, कापडाचा. आणि दुसरा रस्त्याच्या ठेकेदाराचा. दिवाळी, लग्नसराई आणि ईदची खरेदी ज्या महिन्यांत असते, नेमक्या त्याच महिन्यांत दुकानापुढे जेसीबी येऊन उभा राहतो आणि आपण कपाळाला हात लावून म्हणतो, "यांना दुसरी वेळ सापडली नाही काय?"

खरे सांगायचे तर दुसरी वेळ नसतेच. डांबर आणि पाणी यांचे वैर आहे. ओल्या खडीला डांबर धरत नाही. खोदलेल्या जागेत पाणी साचले तर खालचा भराव खचतो. म्हणून आपल्याकडे रस्त्यांची मोठी कामे ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतच चालतात. मुंबईत २०२५ साली ३१ मेपर्यंत कामे उरकण्याची मुदत ठरली होती. पण पाऊस कोणाची मुदत मानतो? त्या वर्षी २६ मे रोजीच मान्सून मुंबईत दाखल झाला. गेल्या ७५ वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. शेवटच्या आठवड्यावर भरवसा ठेवून बसणाऱ्यांचा हिसाब तेथेच चुकला.

आता ईदचे पाहा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. २०२० साली रमजान ईद २५ मे रोजी होती, २०२५ साली ती ३१ मार्चला आली. अशीच सरकत सरकत ती जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर करीत २०४० च्या सुमारास ऑक्टोबरपर्यंत पोहोचेल. म्हणजे अजून बरीच वर्षे ईदचा बाजार आणि रस्त्याचे खोदकाम हातात हात घालून चालणार आहेत. तेव्हा दरवर्षी चिडण्यापेक्षा हे काम कसे चालते, त्यात आपले नुकसान कोठे होते आणि कोणत्या दिवशी तोंड उघडले तर उपयोग होतो, एवढे समजून घ्यावे या हेतूने हे लिहीत आहे.

मी इंजिनिअर नाही, कापडवाला आहे. शिक्षण उर्दू शाळेत झाले. अंदाजपत्रक, कार्यादेश, दोषदायित्व असले कचेरीतले मराठी शब्द मला पन्नाशी गाठल्यावर एका तरुण पुतण्याने समजावून दिले. पण माझ्या दुकानापुढचा रस्ता माझ्या डोळ्यांदेखत अनेकदा झाला, आणि त्याची किंमत मी रोखीने मोजली आहे. गावाचे नाव लिहीत नाही. त्याच कचेरीत उद्या पुन्हा जायचे आहे.

तीन पायऱ्या कोठे गेल्या?

वालिद साहेबांनी १९७० च्या दशकात हे दुकान घेतले तेव्हा तीन पायऱ्या चढून आत यावे लागत असे. शाळेतून आलो की मी मधल्या पायरीवर दप्तर टाकून बसत असे. पुढे दर काही वर्षांनी, बहुतेक वेळा निवडणुकीच्या आधी, गल्लीत डांबर पडे. प्रत्येक वेळी दीड-दोन इंचांचा थर. मोहल्ला खूश, आम्हीही खूश; काळाभोर गुळगुळीत रस्ता पाहून कोणाला वाईट वाटेल? जुना थर खरवडून काढावा असे कोणी म्हणाले नाही, कोणी विचारलेही नाही. पाच-सहा वेळा असे झाले की जवळजवळ एक वीत उंची होते. पहिली पायरी बुजली, मग दुसरी बुजली. २०११ पर्यंत आमचा उंबरठा रस्त्याच्या बरोबरीला आला होता आणि बाजूच्या दर्जी बांधवाच्या दुकानात तर एक पायरी उतरून जावे लागत होते.

त्या वर्षी जुलैत एका रात्री तासभर मुसळधार पाऊस झाला. सकाळी शटर उघडले तर आत घोट्याएवढे पाणी. खालच्या फळीवर लाँगक्लॉथच्या गाठी होत्या, शेजारी अस्तराचे रंगीत थान. लाल आणि हिरव्या अस्तराचा रंग पांढऱ्या मालावर उतरला होता. माल उधारीवर आणलेला, पैसे चुकते व्हायचे होते. तो कापूस-चिंध्यांच्या भावाने विकावा लागला. तक्रार घेऊन कचेरीत गेलो तर साहेबांनी शांतपणे सांगितले, "तुमचे दुकान खाली आहे."

मी म्हणालो, "साहेब, दुकान जागचे हलले नाही. रस्ता वर आला."

त्यांनी मान हलवली आणि फाईल बंद केली. त्या फाईलचे पुढे काय झाले ते विचारू नका.

ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की रस्त्याच्या कामात आपण धूळ, आवाज, गिऱ्हाईक तुटणे यांचीच चिंता करतो. हे त्रास खरे आहेत, पण ते दोन-चार महिन्यांचे पाहुणे. रस्त्याची पातळी मात्र कायमची बसते.

काम कोणते आहे ते आधी ओळखा

"रस्त्याचे काम" या एका शब्दात तीन निराळी कामे येतात. पहिले म्हणजे खड्डे बुजवणे. चांगल्या पद्धतीत खड्ड्याच्या कडा चौकोनी कापतात, आतली सैल खडी व धूळ काढतात, डांबराचा पातळ हात देतात आणि मग माल भरून दाबतात. नुसती टोपलीभर खडी ओतून वरून फावडे थोपटले तर ती पुढच्या टेम्पोच्या चाकाबरोबर निघून जाते. हे काम दिवसाभराचे. त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसरे डांबरीकरण. डांबर आणि खडी यांचे गरम मिश्रण, ज्याला ठेकेदार हॉटमिक्स म्हणतात, सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णतेला डंपरमधून येते. ते थंड होण्याच्या आत पसरून त्यावर रोलर फिरला पाहिजे. साधारण ९० अंशांच्या खाली गेले की दाबले जात नाही, नुसते दिसायला सपाट होते. म्हणून डंपरच्या वाटेत आपल्या हातगाड्या उभ्या असल्या आणि माल तासभर कोपऱ्यावर अडकला, तर रस्ता आपलाच खराब होतो. हे काम बहुधा रात्री करतात. थर थंड झाला की सकाळी वाहतूक चालू. दुकानदाराला याचा त्रास कमी, आणि म्हणूनच त्याचे लक्षही कमी.

येथे विचारायचा प्रश्न एकच : "साहेब, मिलिंग आहे की नाही?" मिलिंग म्हणजे दातेरी ड्रम असलेल्या यंत्राने जुन्या डांबराचा वरचा थर खरवडून काढणे. जेवढे काढले तेवढेच नवे घातले तर पातळी जागेवर राहते. काढले नाही तर तुमची पायरी गेली. अंदाजपत्रकात मिलिंगची रक्कम धरलेली असेल आणि जागेवर यंत्र आलेच नसेल तर तो मुद्दा वेगळा, आणि तो लेखी विचारावा.

कापडवाल्यांना समजेल असे उदाहरण देतो. खळ मारलेले विरळ कापड हाताला जाड आणि कडक लागते. पहिल्या धुण्यात खळ गेली की चाळणी. खालचा पाया खचलेला असताना वरून मारलेला डांबराचा थर म्हणजे खळच. त्याचे पहिले धुणे जूनमध्ये होते.

तिसरे काम काँक्रिटीकरणाचे, आणि सध्या सर्वात जास्त गाजत असलेले. मुंबईत १९ जानेवारी २०२३ रोजी सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा शुभारंभ झाला. खर्च सहा हजार कोटी रुपयांच्या वर. पुढे दुसऱ्या टप्प्यात आणखी सुमारे ३०० किलोमीटर रस्ते घेतले. मुंबईत सगळे मिळून रस्ते सुमारे दोन हजार किलोमीटर आहेत, त्यावरून कामाचा आवाका ध्यानात यावा. मी खरेदीसाठी मंगळदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केटला जातो तेव्हा या मोहिमेची उलटसुलट दोन्ही बाजूंची हकिगत ऐकायला मिळते. शहर विभागाचे पहिले कंत्राट काम पुढे सरकत नाही म्हणून २०२३ सालीच रद्द झाले व नव्याने निविदा काढाव्या लागल्या. दुसरीकडे, कामाची तपासणी करण्यासाठी आयआयटी मुंबईला नेमण्यात आले, ही गोष्ट चांगली झाली. मुंबईचे पाहून राज्यातल्या इतर शहरांतही आता काँक्रीटचा आग्रह धरला जातो.

काँक्रीटचे दिवस कसे मोजावेत

फलकावर जो दिवसांचा आकडा असतो त्यावर दुकानाची खरेदी ठरवू नका. काम कसे चालते ते समजले की आपला आकडा आपल्याला काढता येतो.

प्रथम जुना रस्ता उकरतात. मग पाण्याची पाइपलाइन, गटार, वीज, टेलिफोन, काही शहरांत गॅस, अशा सगळ्या लाइनी उघड्या होतात. खरा उशीर येथेच होतो, कारण प्रत्येक लाइनीचा मालक वेगळा आणि एकाची माणसे आली की दुसऱ्याची येत नाहीत. त्या हलवल्या किंवा पुढच्या केबलसाठी रिकामे पाइप टाकले की मग खडी-मुरमाचा थर दाबतात. त्यावर कोरडे, कमी सिमेंटचे काँक्रीट रोलरने दाबतात; त्याला डीएलसी म्हणतात. ते सात दिवस पाणी पिते. त्यावर प्लास्टिकचा कागद आणि कागदावर मुख्य स्लॅब, साधारण आठ ते बारा इंच जाडीचा. स्लॅब ओला असतानाच ब्रशने आडव्या रेघा ओढतात, चाक घसरू नये म्हणून. घट्ट होऊ लागला की पहिल्या दिवसाच्या आतच करवतीने ठरावीक अंतरावर सांधे कापतात. हे सांधे पाहून पुष्कळ लोक "नवा रस्ता कापला" म्हणून ओरडतात. कापले नाहीत तर काँक्रीट आकसताना स्वतःच्या मर्जीने वाटेल तेथे तडकते.

मग निदान चौदा दिवस पाणी मारायचे. ओली गोणपाटे किंवा मातीचे बांध घालून पाणी साठवतात. पायी चालणाऱ्यांना लवकर जाऊ देतात, पण वजनदार वाहनांसाठी अठ्ठावीस दिवस थांबावे असा नियम. का, तर काँक्रीट वाळत नाही, पिकते. चौदाव्या दिवशी ते कितीही कडक दिसले तरी पूर्ण ताकद आलेली नसते.

आणि हे सगळे अर्ध्या रस्त्याचे. दुसऱ्या अर्ध्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माझा अनुभवाचा हिसाब असा की एका बाजूला दोन महिने आणि दोन्ही मिळून चार महिने धरून चालावे. त्याआधी झाले तर नफा समजा.

एक छोटी गोष्ट. काँक्रीटची गाडी आली की इंजिनिअर शंकूसारखा लोखंडी साचा भरून तो उचलतात आणि आतला ढीग किती खाली बसतो ते पट्टीने मोजतात. याला स्लंप टेस्ट म्हणतात. ढीग फार पसरला तर पाणी जास्त झाले आहे असे समजावे. आपण सुताचा काउंट पाहतो तसलाच प्रकार. उभे राहून पाहायला कोणी मनाई करत नाही, आणि दुकानदार पाहत आहेत म्हटल्यावर गाडीवाला ड्रममध्ये पाणी ओतायचे जरा विसरतो.

पातळीचा सौदा

आमच्या गल्लीत काँक्रीटचे काम निघाले ते जानेवारी २०२५ मध्ये. रमजान मार्चच्या सुरुवातीला होता. २०११ चा धडा पाठीशी असल्यामुळे या वेळी आम्ही खोदाई सुरू होण्यापूर्वीच जमलो. कापडवाले, दर्जी, मेडिकलवाले, वरच्या मजल्यावर भरतकामाचा कारखाना चालवणारे बांधव, सगळे मिळून वीस-एकवीस जण. मागण्या दोनच ठेवल्या. पहिली, ईदपर्यंत एकच बाजू खोदा. दुसरी, तयार रस्त्याची पातळी किती असणार ती आज भिंतीवर खूण करून दाखवा.

दुसरी मागणी ऐकून कनिष्ठ अभियंता साहेब थोडे चकित झाले, पण माणूस सज्जन. लेव्हलचे यंत्र मागवून त्यांनी चार दुकानांच्या भिंतींवर लाल रंगाने रेघ ओढून दिली. रेघ पाहिली आणि आम्ही गार झालो. ती आमच्या उंबरठ्याच्या वर होती!

येथे सगळा मुद्दा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. डांबराचा रस्ता पुढे कधीही खरवडून खाली आणता येतो. काँक्रीटचा रस्ता वीस-तीस वर्षांच्या हिशेबाने करतात. एकदा स्लॅब पडला की त्याची उंची तुमचा मुलगा दुकानावर बसेपर्यंत तीच. पण काँक्रीट करताना जमीन मुळात खोदावीच लागते. म्हणजे वर्षानुवर्षे चढलेली उंची खाली उतरवण्याची संधी फक्त याच कामात असते, आणि तीही खोदाई होऊन खडीचा थर पडेपर्यंतच. डीएलसी पडल्यावर केलेली तक्रार म्हणजे कापड बेतून झाल्यावर माप सांगणे.

आम्ही म्हटले, नऊ इंच खाली घ्या. ठेकेदाराचा मुकादम हसला. म्हणाला, "चाचा, घेतो की. पण पाणी कुठून काढू?" मग त्याने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या गटाराचे झाकण उघडून दाखवले. पावसाचे पाणी आमच्या गल्लीतून त्या गटारात जाते. रस्ता त्या गटारापेक्षा खाली नेला तर पाणी बाहेर जाण्याऐवजी उलटे आत येणार. त्याचे म्हणणे बरोबर होते. शेवटी चार इंचांवर सौदा तुटला. लाल रेघ पुसून नवी काढली आणि साहेबांनी तसे कामाच्या नोंदवहीत लिहिले. चार इंचांत माझा उंबरठा वाचला. दर्जी बांधवाचा वाचला नाही. त्याला दुकानाची जमीन भराव घालून उचलावी लागली, दरवाजाची चौकट वर घ्यावी लागली. तो खर्च त्याच्या खिशातून गेला.

उतार पाहायलाही विसरू नये. काँक्रीटचा रस्ता मधून कडेकडे दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतरता असावा लागतो. गल्ली अरुंद असेल तर कधी कधी एकाच बाजूला उतार देतात. तो कोणाच्या बाजूला, हे खोदाईच्या वेळीच विचारा. आमच्याकडे एका बाजूला उतार ठरला तेव्हा त्या बाजूच्या लोकांनी कडेला जाळीचे गटार मागून घेतले. काम संपल्यावर चार बादल्या पाणी ओतून पाहिले की कोठे डबके राहते ते कळते.

काम चालू असताना

सर्वात आधी आपली स्वतःची कामे उरका. नळाचे जुने कनेक्शन गंजले असेल, संडासाची लाइन तुंबत असेल, कारखान्यासाठी वीज वाढवून घ्यायची असेल, तर रस्ता खोदण्यापूर्वी अर्ज करा. नवा काँक्रीट रस्ता पुन्हा खोदायला परवानगी देत नाहीत. मुंबई महानगरपालिकेने तर तसे धोरणच जाहीर केले. दिलीच तर पूर्ववत करण्याचा खर्च ऐकून माणूस तहानलेला राहणे पसंत करील.

जुन्या मोहल्ल्यांत पिण्याच्या पाण्याची लाइन आणि गटार हाताच्या अंतरावर असतात. जेसीबीचा दात लागून दोन्ही फुटले की घाण पाणी नळात येते. खोदाई चालू असेपर्यंत, आणि त्यानंतरही काही दिवस, पाणी उकळून प्यावे. पाण्याला वास किंवा गढूळपणा आला तर लगेच कळवावे. कावीळ आणि जुलाब यांचा मार्ग हाच.

विजेचे एक लक्षात ठेवा. केबल पूर्ण तुटली तर अंधार होतो, तो बरा. पण नुसती न्यूट्रलची तार तुटली तर काही घरांत दिवे एकदम प्रखर होतात, पंखे वेगाने फिरू लागतात. दोनशे तीसच्या जागी चारशेच्या जवळपास व्होल्टेज येऊ शकते. असे दिसताच मेन स्विच पाडा. वरच्या कारखान्यातल्या दोन मशीनच्या मोटारी अशाच जळाल्या. कारागीर जेवायला गेले होते.

धुळीसाठी माल झाकताना प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. आत दमटपणा राहतो आणि पांढऱ्या मालावर डाग पडतात. जुनी मांजरपाटाची चादर बरी. सिमेंटची धूळ ओल्या कापडाने पुसू नका, झटकून काढा. जुनी चुन्याची इमारत असेल तर काम सुरू होण्यापूर्वी भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा आणि रोलरचा थरथरणारा झटका तेवढ्या भागात बंद ठेवायला सांगा. हे त्यांना करता येते, सांगावे लागते एवढेच.

दारापुढे चर खोदला की ओलांडायला मजबूत फळी आणि कठडा मागा. तो ठेकेदाराने द्यायचा असतो. गल्लीत कोणी आजारी पडले तर स्ट्रेचर कोठून जाईल, मयत झाली तर जनाजा कोणत्या बाजूने निघेल, आग लागली तर बंबाची नळी कोठपर्यंत पोहोचेल, हे मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे. त्या वेळी बोलायला कोणाला सुचत नाही.

आता गल्ल्याचा प्रश्न. गिऱ्हाईक कमी झाले म्हणून पालिका भरपाई देत नाही. ती आशा सोडा. जे हातात आहे ते एवढेच : काम निघणार असे कळताच भारी मालाची खरेदी कमी करा, आणि ज्या आडत्याचे पैसे द्यायचे आहेत त्याला मुदत संपल्यावर नव्हे, आधी जाऊन सांगा. मी सुरतच्या व्यापाऱ्याला डिसेंबरातच खोदाईची नोटीस दाखवली. त्याने एक महिना वाढवून दिला, कारण त्याच्याही बाजारपेठेत रस्ता खोदलेला होता. टेम्पो गल्लीत येत नाही म्हणून हमाली वाढते. आम्ही सहा दुकानदारांनी मिळून कोपऱ्यावरून माल आणायला एक हातगाडी रोजाने ठरवली, ती फुटकळ हमालीपेक्षा स्वस्त पडली. कारागिराचा रोज मात्र कापू नये. त्याने रस्ता खोदला नाही.

कागद

कामाच्या जागी फलक असलाच पाहिजे : कामाचे नाव, ठेकेदार, रक्कम, सुरू व संपण्याची तारीख. त्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. फलक पुढे हरवतात. अंदाजपत्रक आणि कार्यादेश पाहायचे असतील तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या राज्यात २०१२ पासून अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा असा नियम आहे, तेव्हा साऱ्या जगाच्या तक्रारी एका कागदावर लिहू नका. मिलिंग किती, खोदाई किती खोल, पातळी किती, एवढेच मागा.

कार्यादेशात एक शब्द असतो, दोषदायित्व कालावधी. म्हणजे एवढ्या वर्षांत रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. मुंबईच्या काँक्रीट रस्त्यांसाठी तो दहा वर्षांचा ठरवला आहे. डांबराला कमी असतो. तुमच्या रस्त्याचा कालावधी किती आणि तो कोणत्या तारखेपासून मोजायचा ते दुकानाच्या वहीत लिहून ठेवा.

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस दगावला अथवा जखमी झाला तर गोष्ट निराळी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमेसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि ती जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करावी असेही म्हटले. अशा वेळी इस्पितळाचे कागद व जागेचे फोटो सांभाळावेत, पोलिसांत नोंद करावी.

आमच्या गल्लीची पहिली बाजू ईदच्या आधी पुरी झाली, दुसरी एप्रिलमध्ये खोदली. पहिल्या पावसात माझ्या दुकानात पाणी आले नाही. फक्त गल्लीच्या तोंडाजवळ, दुसऱ्या बाजूच्या स्लॅबवर एक तिरपा तडा आहे. पाणी मारणे संपले होते, अठ्ठावीस दिवस व्हायचे होते. लग्नसराईचा माल उतरवायचा म्हणून आमच्यातल्याच एकाने रात्री बॅरिकेड बाजूला करून भरलेला टेम्पो आत घेतला. पावसाळ्यानंतर आम्ही दोषदायित्वाचा कागद घेऊन ठेकेदाराकडे गेलो तर त्याने मोबाइल काढून बॅरिकेड हलवल्याचा फोटो दाखवला, तारीख आणि वेळ यांसह.